फोन हॅक झाल्याचा संशय आल्यास काय करावे?

व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची किंवा वाहन-चलनाची एपीके फाईल उघडली आणि नंतर न मागितलेले ओटीपी येऊ लागले, तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. वाय-फायही बंद करा. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवून ओटीपी परस्पर चोराकडे पाठवते, कधी एसएमएसनेच, त्यामुळे नुसता डेटा बंद करून भागत नाही. त्याच फोनवरून पासवर्ड बदलू नका. नवा पासवर्डही चोराला मिळू शकतो. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा. पैसे गेले असल्यास १९३० वर ताबडतोब तक्रार करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येऊ शकते. मग सेफ मोडमध्ये ते ॲप काढा. निघत नसेल, तर आधी त्याचा ‘डिव्हाइस ॲडमिन’ अधिकार रद्द करावा लागतो. तरीही शंका राहिली, तर फॅक्टरी रीसेट. मात्र पुराव्याचे स्क्रीनशॉट आधी बाजूला काढा.