फाइल एकच, कॉम्प्युटर दोन

चिंचोटीतल्या आमच्या बचत गटाचं दफ्तर एका ताईंच्या घरी असतं. तिथे दोन कॉम्प्युटर आहेत, बाहेरच्या खोलीतला जुना आणि ताईंच्या लेकीचा लॅपटॉप. हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे जायची. गेल्या पावसाळ्यात एका सभासद बाईंनी कर्जाचा हप्ता भरला, नोंद लॅपटॉपवर झाली आणि मासिक सभेत वाचली गेली जुन्या कॉम्प्युटरवरची यादी. सगळ्यांसमोर त्या थकबाकीदार ठरल्या. पावतीपुस्तक काढलं तेव्हा चूक आमची निघाली. माफी मागितली, पण त्यांचा उतरलेला चेहरा काही विसरता येत नाही.

तेव्हाच ठरवलं, फाइल एकच, जुन्या कॉम्प्युटरवर. लॅपटॉपवरून वायफायने तीच उघडायची. फोल्डर शेअर केला, पण लॅपटॉपला तो दिसेचना.

पहिलं कारण कळलं तेव्हा आम्हालाच हसू आलं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होता! दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं 'गेस्ट' वायफायही इथे बहुधा चालत नाही. आणि जुना कॉम्प्युटर झोपलेला, म्हणजे स्लीपमध्ये, नसावा.

तरी दिसेना. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये वायफायचा प्रकार पाहिला, तर 'पब्लिक'. स्टेशनवरच्या वायफायला ते योग्यच, तिथे आपला कॉम्प्युटर लपलेलाच बरा. घरच्या वायफायला दोन्हीकडे 'प्रायव्हेट' केलं आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू केलं. नाव एवढ्यानेही दिसलं नाही, तर जुन्या कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. 'आयपीव्ही४' समोरचा आकडा, समजा १९२.१६८.१.५, लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन लिहा.

आम्ही सगळ्यात जास्त अडकलो ते पासवर्डपाशी. तिथे लॅपटॉपचा नव्हे, जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड लागतो. चार आकडी पिन चालत नाही आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आम्ही गटासाठी पासवर्ड असलेलं वेगळं खातं उघडलं आणि त्याला त्या फोल्डरचा 'रीड/राइट' हक्क दिला. नुसतं 'रीड' असेल तर फाइल उघडते, पण हप्ता लिहिता येत नाही.

कुणी सांगेल, फायरवॉल बंद करा, जुनं 'एसएमबी १' चालू करा. ऐकू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय त्याच एसएमबी १ च्या भोकातून शिरला होता.

एकच फाइल म्हटल्यावर ती बिघडली तर सगळंच जाईल, म्हणून पेन ड्राइव्ह आता फक्त शनिवारच्या जादा प्रतीसाठी. आणि सभेत यादी वाचताना पावतीपुस्तक शेजारी उघडं असतं. ते त्याच बाईंनी सुचवलं.