केळ्यात बी का नसते?

जळगाव, रावेर, यावल, चोपडा हा सारा टापू केळीचा. आमच्या पिंप्राळ्यासारख्या वस्तीतून कितीतरी हात या पिकावर राबतात. कोणी लागवड करतो, कोणी पिले काढतो, कोणी घड वाहतो, कोणी ट्रक भरतो. तरीही घरातल्या मुलाने ‘केळ्यात बी का नसते?’ असे विचारले, तर आपण त्याला गप्प बसवतो. प्रश्न मात्र अगदी योग्य आहे, आणि त्याच्या उत्तराशी आपल्या मजुरीचाही संबंध आहे. म्हणून आम्ही ते साध्या हिशेबाने मांडत आहोत.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. त्यांवर जनुके असतात. झाड किती उंच होईल, फळ कसे धरेल, कोणता रोग सोसेल, हे बऱ्याच अंशी जनुके ठरवतात. माणसात ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. निम्मी आईकडची, निम्मी बापाकडची. जंगलातल्या रानकेळीत २२, म्हणजे ११ जोड्या. बी धरण्यापूर्वी त्यांचे अकरा-अकराचे दोन सारखे वाटे पडतात. आपल्या बागेतील बसराई किंवा ग्रँड नैन केळीत मात्र प्रत्येक गुणसूत्र तीन-तीन वेळा, एकूण ३३ असतात. तिघांचे दोन सारखे वाटे कसे करणार? म्हणून बी धरत नाही. फळ परागीभवनावाचूनच भरते. केळ कापल्यावर मध्ये दिसणारे बारीक काळे ठिपके म्हणजे न झालेल्या बियांच्या खुणा. रानकेळीचे फळ मात्र टणक काळ्या बियांनी भरलेले असते.

बी नाही म्हणून केळी कंदापासून लावतात. पिलू हे आईचीच हुबेहूब नक्कल असते. टिश्यू कल्चरची रोपेही तशीच. कोंबाचा बारीक तुकडा बाटलीत वाढवून एकाच झाडापासून हजारो रोपे करतात. बसराई बुटकी आणि ग्रँड नैन तिच्याहून उंच, तरी दोघी कॅव्हेंडिश या एकाच गटातल्या. पूर्वी कधीतरी जनुकात आपोआप झालेल्या बदलाने हा फरक पडला. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. सारी झाडे सारखी असल्याने बाग एकदम कापणीला येते, माल एकसारखा निघतो. हा मोठा फायदा आहे.

परंतु धोकाही त्यातच आहे. जो रोग एका झाडाला मारतो, तो त्याच्यासारख्या सर्व झाडांना मारू शकतो. जगाच्या बाजारात पूर्वी ग्रो मिशेल जातीचे केळे चाले. पनामा या मर रोगाने तिच्या बागा बसल्या आणि १९६० च्या सुमारास मोठ्या व्यापारातून ती जात गेली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच मारतो. भारतात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. ही बुरशी मातीत अनेक वर्षे टिकते आणि बाग बरी करणारे औषध नाही.

मग वाट कोणती? २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी केळीची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचली. सुमारे ३६ हजार जनुके सापडली. ऑस्ट्रेलियात रानकेळीतले रोग सोसणारे एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून तयार केलेल्या वाणाला २०२४ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ज्या बियांनी भरलेल्या रानकेळीला कोणी विचारत नव्हते, तिच्याकडेच उपाय निघाला! राजेळी, वेलची, लाल केळी या जातीही म्हणूनच टिकवल्या पाहिजेत. उद्या कोणाचा कोणता गुण कामी येईल, हे आज सांगता येत नाही.

तोपर्यंत सावधगिरी हाच उपाय. हा रोग रोगट कंदाबरोबर आणि मातीबरोबर पसरतो. ती माती कोयत्याला, कुदळीला, चपलेलाही चिकटून येते. म्हणून एका बागेतून दुसरीत जाताना अवजारे व पाय स्वच्छ धुवावेत. बाहेरगावचे कंद आणू नयेत. खालची पाने कडेकडून पिवळी पडून खोडाभोवती लोंबू लागली, आणि खोड कापल्यावर आत तांबूस रेषा दिसल्या, तर ताबडतोब मालकाला आणि कृषी विभागाला सांगावे. जळगावात केळी संशोधन केंद्रही आहे. धुण्याचे पाणी बागेच्या तोंडाशीच ठेवावे, अशी मागणी मजूर बंधू-भगिनींनी मिळून मालकाकडे करावी.

बाग बसली की नुकसान मालकाचे मोजले जाते. पण त्याच दिवशी मजुराची रोजी बुडते, आणि तिचा पंचनामा होत नाही. ज्याच्या हातात कोयता आहे, त्याला हे ज्ञान आधी हवे. आपल्या मुलांनी असे प्रश्न विचारावेत, आणि आपण त्यांना गप्प न बसवता त्यांच्याबरोबर उत्तर शोधावे.