गिअरबॉक्स जॅकवर असतो तेव्हा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता सुधारला, पण मूर्तिजापूर, बोरगाव मंजूच्या पट्ट्यात कडेच्या अनेक गॅरेजांत पायाखाली अजून काळ्या मातीवर पसरलेला मुरूमच असतो. गिअरबॉक्स जॅकची गोष्ट या मुरमापासूनच सुरू करायला हवी. जॅकची चाकं लहान आणि वजन उंचावर. ओझं घेऊन सरकताना एका चाकाखाली सुपारीएवढा खडा आला, तरी चाक जागीच अडतं आणि वरचं धूड मात्र पुढे जातं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर टाकलेला पातळ कोबाही फुटतो. म्हणून गॅरेजात इतर कशावर खर्च करण्याआधी गाडीखालच्या जागेपुरता तरी जाड, सपाट काँक्रीटचा ओटा करून घ्यावा.

आता जॅकच्या पोटात काय चालतं ते पाहू. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेला नियम असा: बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, पंपाचा छोटा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि वर चढणारा रॅम ३६ मिलिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, जोरही नऊपट. दांड्याच्या तरफेने त्याआधीच दहापट मिळवलेले असतात. हाताने १० किलोचा जोर लावला, तर घर्षण सोडून हिशेबाने ९०० किलो उचलले जातात. याची किंमत अंतरात मोजावी लागते: छोटा दट्ट्या १८ मिलिमीटर खाली गेला, की रॅम जेमतेम २ मिलिमीटर चढतो. तेल परत फिरू नये म्हणून वाटेत छोट्या पोलादी गोळ्यांचे व्हॉल्व्ह असतात आणि उतरवण्यासाठी एक रिलीज व्हॉल्व्ह. दीडशे किलोचा गिअरबॉक्स हवेत धरून ठेवणारं जे काही आहे, ते एवढंच: एक गोळी, एक सील आणि स्वच्छ तेल. म्हणूनच जॅक उचलण्यासाठी आणि उतरवण्यासाठी आहे, टेकू म्हणून नाही. गाडी स्टँडवरच उभी हवी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत आणि जॅकवरच्या ओझ्याखाली कोणाचंही डोकं किंवा हात जाता कामा नये.

उतरवण्याचं काम सुरू करताना बॅटरीची वायर काढा, गिअर ऑइल रिकामं करा, प्रोपेलर शाफ्ट, क्लचची जोडणी आणि वायरिंग मोकळी करा. इंजिनाच्या मागच्या बाजूला वेगळा आधार द्या. हा आधार बरेच जण विसरतात आणि मग इंजिन मागे कलून उरलेल्या फाउंडेशनवर ताण येतो. मग जॅक खाली घेऊन त्याचं वरचं ताट गिअरबॉक्सच्या बुडाशी नीट बसवा. गिअरबॉक्सचं वजन मधोमध नसतं. बेल हाउसिंगकडची बाजू बहुधा जड असते. ताटाचे तिरके करायचे स्क्रू त्यासाठीच दिलेले असतात. गिअरबॉक्स ताटाला बांधणारी साखळी आवळल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. जॅक फक्त भार घेईल इतकाच चढवा. जास्त चढवला, तर बोल्ट ताणात येतात आणि शेवटचा सुटताना झटका बसतो.

सगळ्यात धोक्याचा क्षण त्यानंतरचा. बोल्ट निघाले, तरी इनपुट शाफ्ट अजून क्लचप्लेटमध्ये अडकलेला असतो. या अवस्थेत जॅक जरा खाली घेतला, तर गिअरबॉक्सचं सगळं वजन त्या शाफ्टवर लोंबकळतं आणि क्लचप्लेटचा हब वाकतो. आणि शाफ्ट एकदम सुटला, की धूड मागे येतं. म्हणून दोघांनी धरून, जॅकची उंची जराही न बदलता, सरळ रेषेत मागे ओढायचं. शाफ्ट पूर्ण बाहेर दिसल्यावरच रिलीज व्हॉल्व्ह उघडायचा, तोही पाव आट्याहून कमी, हळूहळू. शिकाऊ पोट्ट्याला शिकवायचं असेल, तर आधी हा व्हॉल्व्ह रिकाम्या जॅकवर उघडायला लावा. पूर्ण खाली उतरवल्यावरच जॅक गाडीखालून बाहेर काढा.

देखभालीत वऱ्हाडाच्या हवेचा विचार करावाच लागतो. तेलाच्या डब्यावर व्हीजी ३२ असं लिहिलेलं असतं. तो आकडा ४० अंशांवरच्या दाटपणाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा सावलीतच ४५ च्या वर जातो, उन्हातलं लोखंड त्याहून कितीतरी तापतं. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून लवकर निसटतं. जॅक सावलीत ठेवा, काम झाल्यावर रॅम पूर्ण खाली घ्या. उघड्या रॅमवर पावसाळ्यात गंज धरतो आणि तो खरबरीत भाग पुढे सीलला कानशीसारखा घासतो. ब्रेक ऑइल कधीही घालू नका. ते बहुधा ग्लायकॉलचं असतं आणि जॅकचं रबर त्याने फुगतं. इंजिनातून काढलेलं काळं तेलही नको, त्यातला कचरा गोळीखाली अडकतो. जॅक धक्के देत चढत असेल, तर आत हवा आहे: रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-बारा वेळा मारा, मग रॅम खाली असताना तेलाची पातळी पाहा. ओव्हरलोड व्हॉल्व्हचा सीलबंद स्क्रू मात्र आवळू नका. गळती दिसली, तर ती बोटाने चाचपू नका. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीत घुसते आणि तसं झाल्यास दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

महिन्यातून एकदा एक सोपी परीक्षा घ्या. क्षमतेच्या आतलं वजन ताटावर बांधा, रॅम अर्ध्यावर चढवा, त्यावर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. खूण खाली सरकली, तर तो जॅक त्या दिवसापासून कामाबाहेर काढा आणि सील बदलून, हीच परीक्षा पुन्हा घेतल्याशिवाय कोणालाही वापरायला देऊ नका.