वाचनालयात बोलण्याचे टेबल

आमची दापोडी एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेची, पाळ्यांवर चालणाऱ्या घरांची. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. मुले शिकू लागली, अभ्यास घेणारे आईवडील मागे राहिले. क्लासची फी आणि वेळ त्यांना कुठून परवडणार?

1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी जण इंग्रजी शिकले. पण बोलायला समोर माणूसच लागतो.

म्हणून मला वाटते, वाचनालयाने आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल बोलण्यासाठी राखावे. निवृत्त शिक्षकांनी बसावे; गोष्टींची सोपी पुस्तके, बँकेचे अर्ज समोर असावेत. चुकले तर कुणी हसू नये. पालकसभेत गप्प बसणारी आई पहिले वाक्य तिथेच बोलेल. त्यासाठी नवी इमारत कशाला हवी?