नाममुद्रेचा हिशेब

देवगिरीच्या किल्ल्यावर किल्लेदारीचा हुद्दा सांभाळणारे जनार्दनस्वामी आणि त्यांच्या पायाशी विद्या घेण्याकरिता पैठणहून आलेले एकनाथ, ही गुरुशिष्यांची जोडी महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु ग्रंथकर्तृत्वाची नोंद कशी करावी याचा एक जुना दस्तऐवज म्हणून तिच्याकडे कोणी पाहिल्याचे माझ्या आढळात नाही. नाथांनी आपल्या अभंगांच्या अखेरीस 'एका जनार्दनी' अशी जी मुद्रा उमटवली, तिच्यात शिष्याचे नाव आधी आणि गुरूचे नंतर, अशी दोन्ही नावे एकत्र नांदतात. आजच्या विद्यापीठीय भाषेत सांगायचे तर विद्यार्थी हा पहिला लेखक आणि 'गाईड' हा दुसरा. पुढे भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले असता गावबा नामक शिष्याने ते सिद्धीस नेले, असे परंपरा मानते. म्हणजे ज्याने ग्रंथ पुरा केला त्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही, हाही प्रकार आपल्याकडे नवा नव्हे. आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार करताना याच नाथांनी मूळ ग्रंथात आपल्या पदरची ओवी घालू नये असा इशारा पुढच्यांना देऊन ठेवला. लेखक, सहलेखक, पूर्तिकार आणि संपादक या चार भूमिकांतला भेद पैठणच्या एकाच घराला चारशे वर्षांपूर्वी इतका स्वच्छ कळला होता.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र वर्तमानातले आहे. छत्रपती संभाजीनगरात लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी 23 ऑगस्ट 1958 रोजी जे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या आवारात काय किंवा देशातल्या अन्य कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात काय, संशोधक विद्यार्थ्यांच्या घोळक्यापाशी क्षणभर उभे राहावे, म्हणजे कानावर येते ते असे: पेपर कुठे लागला, स्कोपसमध्ये आहे का, गाईडचे नाव कितवे, पॉइंट किती मिळतील. या चार प्रश्नांत आधुनिक विद्याव्यवहाराची सारी जमाबंदी आलेली आहे, आणि सामान्य वाचकाला तिची ओळख असावी, कारण आपल्या मुलामुलींना शिकवणारा प्राध्यापक कोण होणार याचा निवाडा बव्हंशी तिच्यावरूनच होतो.

प्रथम नावांच्या क्रमाविषयी. प्रयोगशाळेतल्या विज्ञानांत संकेत असा, की ज्याने प्रत्यक्ष हातांनी काम केले त्याचे नाव पहिले आणि ज्याच्या छत्राखाली ते झाले त्या ज्येष्ठाचे शेवटचे. मधली नावे उतरत्या वाट्याची. गणितात आणि पुष्कळ अंशी अर्थशास्त्रात आडनावांच्या रोमन वर्णक्रमाने नावे लावतात, त्यामुळे तिथे आपटे नेहमी आधी आणि वैद्य नेहमी मागे, यात मानापमानाचा प्रश्न उद्भवत नाही. जिनिव्हाजवळच्या महायंत्रावर हिग्ज कणाचे वस्तुमान मोजणारा जो लेख 2015 साली प्रसिद्ध झाला, त्यावर 5154 लेखकांची नावे होती. तेहतीस पृष्ठांपैकी शास्त्रीय मजकूर नऊ पृष्ठांचा, आणि उरलेली चोवीस पृष्ठे नावांची व त्यांच्या संस्थांची. त्या चोवीस पृष्ठांकडे पाहून हसू येते खरे, परंतु जत्रेत रथ ओढणाऱ्या हजार हातांपैकी नेमका कोणता हात रथ ओढतो, हे सांगणे तरी कोठे सोपे असते?

मग लेखक म्हणावे कोणाला? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 1978 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र येऊन जी नियमावली सुरू केली, तिच्या आजच्या रूपात चार अटी आहेत: कल्पनेत, आखणीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा असावा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर विचारपूर्वक संस्कार करण्यात भाग असावा, अंतिम प्रतीस संमती असावी, आणि साऱ्या कामाची जबाबदारी पत्करण्याची तयारी असावी. या चारही अटी पुऱ्या करील तो लेखक. विभागप्रमुख आहेत, उपकरणाची चावी त्यांच्याकडे आहे, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचे आहे, एवढ्या कारणांनी ज्यांचे नाव लेखावर चढते ते या व्याख्येने लेखक ठरत नाहीत. उलट ज्याने खेडोपाडी हिंडून प्रश्नावल्या भरून आणल्या आणि रात्रीचा दिवस करून आकडे जुळवले, त्याचे नाव तळटीपेतल्या आभारांत, किंवा तिथेही नाही, असे होते तेव्हा तीही तितकीच मोठी लबाडी असते. तिची चर्चा मात्र कमी होते, कारण जो अनुपस्थित आहे त्याचा पक्ष मांडणार कोण?

आता गुणांचे प्रकरण, आणि येथे जरा थांबले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या विनियमांत संशोधनाला गुण देण्याची जी पद्धत घातली, तिच्यात संयुक्त लेखाची वाटणी होती: पहिला लेखक आणि पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक किंवा मार्गदर्शक यांनी साठ टक्के समान वाटून घ्यावे, उरलेले चाळीस टक्के इतरांनी. हे प्रमाण पुढे 2016 साली सत्तर-तीस झाले. पण कसेही मोजले तरी बेरीज शंभरावर येत होती. मग 2018 चे विनियम आले. त्यांनुसार भाषा, मानव्यविद्या वा सामाजिक शास्त्रांतील मान्य नियतकालिकातल्या लेखाला दहा गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोहोंहून अधिक असतील तर प्रमुखाला सत्तर टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला तीस टक्के. आता हिशेब करून पाहा. एकट्याने लिहिलेल्या लेखाचे दहा गुण; तोच लेख दोघांनी लिहिला तर सात आणि सात, मिळून चौदा; आणि दहा जणांची नावे असतील तर सात अधिक नऊ त्रिक सत्तावीस, मिळून चौतीस. दहा एकरांच्या गटाच्या सातबाऱ्यावर चौतीस एकरांच्या नोंदी कोणत्या तलाठ्याने केल्या असत्या तर त्याची तात्काळ चौकशी लागली असती. ज्या सारणीत नाव घालणाऱ्याचे काहीच फारसे जात नाही आणि घातले गेलेल्याचे काहीतरी येतेच, तिथे ओळखीपाळखीची नावे लेखावर चढली तर दोष एकट्या माणसांना कसा द्यावा?

दुसरे उदाहरण ग्रंथांचे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. पहिला 1930 साली निघाला, शेवटचा 1962 साली. पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक, प्रकाशक पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, लेखक एकटा. 1963 साली भारतरत्न. वरील विनियमांत राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला दहा गुण आहेत. पाच खंडांचे पन्नास झाले. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीस किमान पंचाहत्तर गुण आणि सात लेख लागतात, प्राध्यापकास एकशेवीस आणि दहा लेख. तेव्हा बत्तीस वर्षांच्या या एका व्यासंगावर काणे मुलाखतीच्या दालनापर्यंतही पोचले नसते, आणि त्या पाच खंडांची बरोबरी कोणीही पाच सुटे लेख लिहून करू शकला असता.

तथापि या मोजमापाची निंदा करताना ते का आले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. गुणांची सारणी येण्यापूर्वी नेमणुका विद्वत्तेच्या निखळ पारखीवर होत होत्या, असे म्हणण्याचे धाडस आमच्या पिढीतला कोणीही शहाणा माणूस करणार नाही. वशिला, जात, गाव आणि गट यांच्या कचेरीत ज्याचा कोणी मुनशी नव्हता, अशा होतकरू तरुणाला आकडा हाच एक निःपक्षपाती साक्षीदार वाटला, यात नवल ते काय? संदर्भांची गणना करण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी 1955 साली मांडली. तिच्यातून नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला, आणि ग्रंथपालाने कोणते नियतकालिक घ्यावे हे ठरवण्यास तो उपयुक्तही होता. पुढे तो माणसांना लावला गेला. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली 'एच' अंक सुचवला: ज्याच्या बारा लेखांचा प्रत्येकी निदान बारा वेळा इतरांनी दाखला दिला आहे त्याचा अंक बारा. सोपे आहे, आणि सोपेपणातच त्याचे यश आहे. पण कोकणातल्या बोलींवर मराठीत लिहिणाऱ्याचे दाखले ज्या परदेशी नोंदवहीत उतरतच नाहीत, तिथे त्याचा अंक शून्य येतो आणि तो शून्य मात्र अगदी शास्त्रीय दिसतो.

मागणी वाढली की बाजार भरतोच. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये 2018 साली जे विश्लेषण छापले, त्यात आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी घातलेल्या नियतकालिकांपैकी 1009 तपासली होती. त्यांतल्या 34.5 टक्क्यांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच चुकीची किंवा गायब होती, आणि आणखी निम्म्याहून अधिकांनी खोटे क्रमांक वा खोटे दावे केले होते. मिळून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची प्रत शंकास्पद. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने चार हजारांवर नियतकालिके यादीतून काढली, मग 'केअर' नावाची नवी यादी केली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद केल्याचे जाहीर केले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे, ही सक्ती 2022 च्या विनियमांनी उठवली. याद्या येतात आणि जातात. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारे गृहस्थ आपले नाव बदलून पुन्हा हजर होतात.

एक गमतीची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी तरुणपणी अलीगढला गणित शिकवीत असता तेथे आंद्रे व्हाइल हे फ्रेंच गणिती होते. त्यांच्या सूचनेवरून कोसंबींनी 1931 साली अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक टिपण लिहिले आणि त्यातील प्रमेयाचे जनकत्व 'बूर्बाकी' नावाच्या एका अज्ञात रशियनाला बहाल केले. असा रशियन कोणी नव्हताच. चारपाच वर्षांनी व्हाइल व त्यांच्या मित्रांनी पॅरिसला याच नावाखाली गणिताचे प्रचंड ग्रंथ लिहावयास घेतले. अस्तित्वात नसलेला हा लेखक विसाव्या शतकातील गणितावर जबर ठसा उमटवून बसला, आणि त्याला पहिला छापील दाखला मिळाला तो एका गोमंतकीयाच्या हातून!

खऱ्या माणसांची अडचण याच्या उलट आहे. परदेशी नोंदवह्यांत नावाचे आद्याक्षर आणि आडनाव एवढेच राहते, त्यामुळे 'पाटील एस.' या एका नोंदीत सुरेश, सुनंदा, संजय आणि शैला असे कित्येक पाटील एकत्र कोंबले जातात. आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या विदुषीचे पूर्वायुष्यातले लेख परक्या बाईच्या खात्यावर पडून राहतात. या घोळावर तोड म्हणून 2012 साली 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक निघाला. आता प्रत्येक संशोधकाने आपला क्रमांक लेखाबरोबर द्यावा, अशी अपेक्षा असते.

कर्तृत्वाची फोड अधिक प्रामाणिकपणे करण्याचा एक प्रयत्न अलीकडे झाला आहे. नावांच्या क्रमावरून तर्क करण्याऐवजी प्रत्येकाने काय केले ते चौदा भूमिकांत सांगावे: कल्पना कोणाची, पद्धत कोणी ठरवली, सामग्री कोणी गोळा केली, निधी कोणी आणला, पहिला मसुदा कोणाचा, संस्कार कोणाचा. मला ही तजवीज आवडते, आणि आवडण्याचे कारण पुन्हा पैठणचेच आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीतल्या साऱ्या गाथा काही हालाने रचलेल्या नाहीत. तो मुख्यतः संग्राहक. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावे टीकाकारांनी गाथांपुढे नोंदवली, परंतु एका टीकाकाराची नोंद दुसऱ्याशी जुळत नाही, कारण मुळात कोणी चोख दप्तर ठेवलेच नव्हते. नाव राहिले ते राजाचे. अजिंठ्यातही सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा अमात्य वराहदेव, सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्र, अशा दात्यांचे लेख कोरलेले आहेत. ज्यांनी भिंतींवरच्या कोरड्या गिलाव्यावर रंग चढवले त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

अजिंठ्यातल्या भिंतीवर एक नाव मात्र ठळक आहे. मद्रासच्या अठ्ठाविसाव्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अंमलदार 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीसाठी हिंडत असता दहाव्या लेण्यात शिरला आणि चित्रावरच आपले नाव व तारीख खरवडून गेला. लेण्यांचा शोध त्याच्या खात्यावर जमा आहे, वाट दाखवणाऱ्या स्थानिकांच्या नव्हे. आज ते नाव पाहण्यासाठी मान वर करावी लागते. शतकानुशतके साचलेला पाच फुटांचा राडारोडा तेव्हा लेण्याच्या जमिनीवर होता, आणि स्मिथसाहेब त्याच्यावर उभे होते.