‘आम्ही तर तिथलेच!’ : पाहुणे, डास आणि विमा

गणेशोत्सवात करी रोड स्थानकाबाहेर पाऊल ठेवले की लालबागकडे निघालेली गर्दीच आपल्याला पुढे नेते. या गर्दीत इथल्या चाळींतून वाढलेली, पण आता विलायतेत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेली आणि गणपतीपुरती रजा काढून मुलाबाळांसह आलेली मराठी कुटुंबेही असतात. आमचे एक मावसभाऊ त्यांपैकीच. इंग्लंडमध्ये त्यांची बावीस वर्षे गेली आहेत. काही वर्षांपूर्वी ते निघण्याआधी आम्ही दूरध्वनीवर डासांचा आणि प्रवासी विम्याचा विषय काढला, तेव्हा दादा हसले. “अरे, तिथलंच पाणी पिऊन मोठे झालो आम्ही. आम्हाला काय होतंय? आणि विमा परक्या मुलखात जाणाऱ्यानं काढायचा, आपल्या घरी येणाऱ्यानं कशाला?”

दहा दिवस मजेत गेले. मंडळी परतली. पुढल्या मार्च महिन्यात एका रात्री दादांना हुडहुडी भरून ताप आला. तेथील डॉक्टरांनी फ्लू समजून औषध दिले. ताप उतरला आणि एक दिवसाआड पुन्हा चढू लागला, तेव्हा रक्त तपासले गेले. त्यात हिवतापाचा परोपजीवी सापडला : प्लास्मोडियम व्हायवॅक्स. बाहेर कडाक्याची थंडी, घरात एकही डास नाही; मग हा पाहुणा आला कोठून? हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात जरूर विचारून पाहावा.

उत्तर यकृतात आहे. डास चावल्यावर हिवतापाचे परोपजीवी रक्तातून प्रथम यकृतात जातात. व्हायवॅक्स जातीच्या परोपजीवींपैकी काही तेथे लगेच वाढत नाहीत. ते सुप्तावस्थेत पडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी कधी कित्येक महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात. रक्तातील परोपजीवींना मारणारी नेहमीची औषधे या झोपलेल्यांपर्यंत पोचत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनसारखे वेगळे औषध लागते, आणि ते देण्यापूर्वी रुग्णात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर “मी मुंबईला जाऊन आलो आहे” हे वाक्य डॉक्टरांना सांगणे औषधाइतकेच मोलाचे ठरते. दादांनी ते सांगितले नव्हते. मुंबई हा त्यांच्या लेखी प्रवास नव्हताच!

‘तिथलंच पाणी प्यायलो’ या समजुतीत थोडे तथ्य आहे. हगवणीच्या काही जिवाणूंशी वारंवार गाठ पडली की शरीर त्यांना सरावते. पण हा सराव हप्ते भरून चालू ठेवलेल्या विम्यासारखा असतो. हप्ते थकले की पॉलिसी बंद पडते. बावीस वर्षे स्वच्छ पाणी प्यायलेल्या आतड्याला करी रोडचा बर्फाचा गोळा परकाच वाटणार. हिवतापाच्या बाबतीत तर ही पॉलिसी मुळात कधी उतरवलेलीच नसते. आफ्रिकेच्या ज्या भागांत माणसाला लहानपणापासून वारंवार लागण होते, तेथे अंशतः प्रतिकारशक्ती येते, आणि तीही देश सोडल्यावर काही वर्षांत ओसरते. मुंबईत लागणीचे प्रमाण तेवढे कधीच नसते. ब्रिटनमध्ये बाहेरून हिवताप घेऊन येणाऱ्यांत सहलीला गेलेल्या पर्यटकांपेक्षा नातेवाइकांना भेटून परतलेल्यांची संख्या कितीतरी मोठी असते, याचे कारण हेच. परका माणूस घाबरून काळजी घेतो, घरचा घेत नाही.

डेंग्यूत तर प्रकार आणखी उलटा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे विषाणूला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात आणि आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणजे मुंबईत लहानपणी नकळत डेंग्यू होऊन गेलेल्या पाहुण्याला प्रथमच येथे येणाऱ्या गोऱ्या पर्यटकापेक्षा अधिक जपायला हवे. तापात पॅरासिटामॉल चालते. रक्तस्रावाची भीती असल्याने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मुंबईत हिवताप पसरवणारा डास म्हणजे अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी. हा पक्का शहरी आहे. त्याला डबके नको, स्वच्छ साठवलेले पाणी हवे. १९११ साली बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावरील अहवालात विहिरींकडे बोट दाखवले होते. विहिरी झाकल्या, पण गच्चीवरच्या टाक्या आल्या, आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले तेव्हा बांधकामावर साठवलेले पाणी आले. आता तर या डासाने समुद्रही ओलांडला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूती येथे सापडला आणि तेथून इतर देशांत पसरला. गिरणगावाच्या भाषेत सांगायचे तर डास पाळ्यांत काम करतात : डेंग्यूचा एडिस दिवसपाळीला, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी; स्टिफेन्सी रात्रपाळीला. दर्शनाच्या रांगेत रात्रंदिवस उभा राहणारा भाविक दोघांच्याही तावडीत सापडतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, त्वचेला लावायचे डासरोधक मलम आणि मच्छरदाणी हे उपाय जुने आहेत, पण खरे आहेत. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही, याबाबत निरनिराळ्या देशांचे सल्ले निरनिराळे आहेत; ते निघण्यापूर्वी तेथील डॉक्टरांनाच विचारावे.

भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. हिंदमात्याला तुंबलेल्या पाण्यातून जावे लागले आणि पायाला जखम असली, तर उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरा जिवाणू शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईने हे भोगले आहे. अशा पाण्यातून चालल्यावर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनविषयी विचारावे, असे महानगरपालिका दर पावसाळ्यात सांगते. पाहुण्यांपर्यंत ही सूचना सहसा पोचत नाही.

आता कागदी विम्याकडे वळू. समजा, हजार प्रवाशांपैकी दहा जण रुग्णालयात दाखल होतात आणि प्रत्येकाचा खर्च दोन लाख रुपये येतो. एकूण वीस लाख, म्हणजे माणशी दोन हजार. दोन लाखांची अनिश्चित भीती दोन हजारांच्या निश्चित खर्चात बदलणे, हेच विम्याचे गणित. त्यात कंपनीचा खर्च आणि नफा मिळवला की हप्ता निघतो. पण एखाद्याने मधुमेह लपवला, तर हे गणितच चुकते. म्हणून आधीचे आजार लपवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

आमच्या दादांसारख्यांना नडते ते निराळेच. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा भारतातील रुग्णालयाचे बिल भरत नाही. अमेरिकेतील वृद्धांची मेडिकेअर योजनाही सर्वसाधारणपणे देशाबाहेर लागू होत नाही. प्रवासी विमा घ्यावा तर काही पॉलिसींत ‘मायदेश’ वगळलेला असतो, आणि मायदेश म्हणजे राहता देश की पारपत्राचा देश, हे त्या पॉलिसीच्या व्याख्येवर ठरते. भारतीय पारपत्र बाळगून बाहेर राहणाऱ्याने ही व्याख्या आधी वाचावी. जिवाणू-विषाणू त्याला परका मानतात आणि विमा कंपनी घरचा मानते, असा दुहेरी तोटा होऊ शकतो.

एवढे सगळे रोगांविषयी लिहिले खरे, पण प्रवाशांच्या मृत्यूंत अपघातांचा वाटा संसर्गजन्य रोगांपेक्षा खूप मोठा आहे. करी रोडला लोकलने येणाऱ्या पाहुण्याच्या खिशात वैध तिकीट हवे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील १२४-अ कलमानुसार गाडीतून पडून मृत्यू आल्यास नुकसानभरपाई मिळते, पण ती अधिकृत प्रवाशालाच. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. चार स्थानकांच्या प्रवासाला कोण तिकीट काढतो, असे म्हणणारे आमच्या घरातही आहेत.

गेल्या खेपेस दादा आले तेव्हा त्यांच्या बॅगेत मच्छरदाणी होती. निघण्यापूर्वी त्यांनी विमा कंपनीला पत्र लिहून तीन प्रश्न विचारले होते : पॉलिसीत भारत धरला आहे का, रक्तदाबाची नोंद झाली आहे का, आणि रुग्णालयात दाखल झाल्यास किती तासांत कळवायचे. लेखी उत्तर त्यांनी पारपत्रासोबत ठेवले होते. नाक्यावरचा गोळा मात्र त्यांनी या वेळीही खाल्ला.