उजेड गिळणाऱ्या भिंती

बंद पडलेल्या खाणीचं आपल्या हाती फार थोडं लागतं. किल्ला पडला तरी त्याचा चौथरा दिसतो, देवळाचा गाभारा उरतो. खाण मुळातच जमिनीखाली असते. पंप थांबले की ती पाण्याने भरते, शाफ्टची तोंडं बुजवली जातात आणि वारसा म्हणून जपायला उरतो तो फक्त वरचा पसारा: मनोरा, इंजिनघर, कोळसा धुण्याची इमारत. खाणीचं जे खरं काम होतं ते या इमारतींत झालेलंच नसतं. हे रिकामं घर बोलतं कसं करायचं, हा प्रश्न गेली काही दशकं युरोपातल्या संग्रहालयांपुढे आहे. प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक आणि सिम्युलेटर ही त्यावरची हाताशी असलेली उत्तरं.

जर्मनीच्या रूर खोऱ्यातली, एसेन शहरातली त्सोलफेराइन खाण हा यातला नमुनेदार दाखला. १८४७ साली तिथे पहिला शाफ्ट खोदायला घेतला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांनी आखलेला शाफ्ट क्रमांक १२ हा १९३२ साली सुरू झाला. लोखंडी सांगाडा, त्यात लाल विटा, सरळ रेषांचे ठोकळे आणि मधोमध ५५ मीटर उंचीचा मनोरा. दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढण्याची ताकद. जगातली सर्वांत देखणी खाण असं तिचं कौतुक होई. २३ डिसेंबर १९८६ रोजी ती बंद झाली आणि २००१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर संग्रहालय आहे. वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या कचेरीने बाहेरून जोडलेल्या नारिंगी सरकत्या जिन्याने माणूस सरळ २४ मीटर वर पोचतो. कोळशाचा प्रवास वरून खाली होता, तेव्हा प्रेक्षकानेही वरूनच सुरुवात करावी, ही कल्पना मला फार आवडते. त्यासाठी एकाही पडद्याची गरज लागलेली नाही.

पण खाली काय होतं, ते कसं दाखवणार? शेजारच्या बोखुम शहरातलं खाणकाम संग्रहालय १९३० सालचं. त्याच्या पोटात सुमारे २० मीटर खोलीवर बोगदे आहेत, पण ते दाखवण्यासाठीच खणलेले; त्यांतून कोळशाचा खडा निघालेला नाही. तिथे जाण्यासाठी जो पिंजरा आहे तो सिम्युलेटर आहे. दार लागतं, पिंजरा थरथरतो, भिंतीवरच्या चित्रात शाफ्टची बाजू सपासप वर सरकत जाते, वारा कानांवर आपटतो, आणि दार उघडेपर्यंत आपण हजारावर मीटर खाली आलो अशी खात्री पटलेली असते. ही फसवणूक आहे, पण प्रामाणिक फसवणूक. खोलीचा अनुभव आकड्याने येत नाही, तो पोटात खड्डा पडल्यावर येतो.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रान्समधलं ले बो द प्रोव्हान्स. तिथली चुनखडीची खाण १९३५ साली बंद पडली. झाँ कॉक्तो यांनी आपल्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे केलं. पुढे १९७०च्या दशकात अल्बेर प्लेसी यांनी त्या भिंतींवर चित्रं फेकायला सुरुवात केली. २०१२ पासून 'कारिएर दे ल्युमिएर' या नावाने तिथे प्रकाश-संगीताचे मोठे कार्यक्रम होतात. सुमारे ७,००० चौरस मीटर पृष्ठभागावर गोगँ, व्हॅन गॉग वाहत असतात. पायाखालीसुद्धा सूर्यफुलं. दृश्य देखणं आहे, वाद नाही. पण त्या दगडात छिन्नी चालवणारे हात कुठे आहेत? पाथरवटांची खाण तिथे पडद्याच्या कामाला लागली आहे. हाच कार्यक्रम कुठल्याही मोठ्या गोदामात तितकाच रंगेल, आणि मला वाटतं, इमारतीच्या अंगावर काय दाखवावं याची हीच कसोटी आहे.

आता एक तांत्रिक गोष्ट. चुनखडी पांढरी असते, प्रकाश परतवते, म्हणून ले बो शक्य झालं. कोळशाच्या इमारतीतल्या विटा काजळलेल्या, लोखंड गंजलेलं, कोपरे काळेकुट्ट. लेझर स्कॅनरने प्रत्येक खांबाचा त्रिमितीय नकाशा काढा, प्रोजेक्टर कितीही प्रखर लावा, भिंत उजेड गिळून टाकते. चित्र मळकट दिसतं. अशा वास्तूचं खरं माध्यम ध्वनी आहे. कारण कामगारांच्या आठवणींत ती वास्तू आवाजाचीच होती. कोळसा धुण्याच्या इमारतीत जाळ्या, घसरगुंड्या, पट्टे आणि पाण्याचे धक्के यांचा असा कल्लोळ असे की माणसं खुणांनी बोलत. शाफ्टच्या घंटेची तर भाषाच होती: एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. आज याच घसरगुंड्यांच्या पत्र्याला कंपक चिकटवून पत्राच वाजता करता येतो. आवाज स्पीकरमधून न येता यंत्राच्या अंगातून येतो.

मात्र वाजवायला मूळ आवाज हवा. २०१३ ते २०१५ या काळात युरोपातल्या सहा संग्रहालयांनी मिळून 'वर्क विथ साउंड्स' हा प्रकल्प केला. डॉर्टमुंडचं औद्योगिक संग्रहालय त्यात होतं. नामशेष होत चाललेली यंत्रं चालू करून त्यांचे सहाशेवर आवाज नोंदवले आणि ते सर्वांना वापरायला खुले ठेवले. लखलखत्या प्रोजेक्टरपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

आपल्याकडे कोलार घ्या. सोन्याच्या या खाणी २००१ साली बंद झाल्या. एकेकाळी त्या तीन किलोमीटरहून खोल होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली तिथे, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, वातावरणात निर्माण झालेले न्यूट्रिनो टिपले. वर इतका खडक होता म्हणूनच ते साधलं. त्याच खडकाचे स्फोट झाले की वरच्या वस्तीतली घरं हादरत. मनोरा उजळवायचा असेल तर जरूर उजळवावा. पण तो हादरा पायाखालच्या फळीतून देता आला तर कोलार खऱ्या अर्थाने कळेल.

विदर्भात तर अजून उशीर झालेला नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सने राज्य पर्यटन महामंडळासोबत सावनेर भागात खाण पर्यटन सुरू केलं आहे. चंद्रपूर, बल्लारपूरच्या पट्ट्यात भूमिगत खाणींत छत तपासण्याची जुनी रीत आहे: काठीने वर ठोकायचं आणि कान द्यायचा. घट्ट खडक टणटणतो, सुटलेला थर पोकळ बोलतो. छत तपासणाऱ्या मायनिंग सरदाराचा हा कान कुठल्याही पुस्तकात नाही. असे सरदार आजही पाळीवर जातात. एक चांगला रेकॉर्डर, जमिनीखाली नेण्याची सुरक्षा खात्याची परवानगी आणि सोबत यायला तयार असलेला एखादा निवृत्त सरदार, एवढ्यावर हे काम याच हिवाळ्यात सुरू होऊ शकतं. प्रोजेक्टरची निविदा नंतर काढता येईल.